स्वहस्ते बांधलेल्या विमानाचे टायर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी दरवर्षी जुलैच्या अखेरीस हौशी वैमानिकांचा जो प्रचंड मेळा भरतो, त्यात आपल्या हातांनी विमान बांधून ते स्वतः उडवत आणणाऱ्या गृहस्थांभोवती सदैव गर्दी असते. कोणी एंजिनाची शक्ती विचारतो, कोणी पंख्याच्या पात्यावरून हळूच हात फिरवतो, कोणी आत डोकावून यंत्रफलकावरील तबकड्या न्याहाळतो, आणि रंगकामाची तारीफ तर ज्याला विमानातले काही कळत नाही तोही मनमुराद करतो. परंतु त्या सर्व डामडौलाचा भार ज्यांच्यावर उभा असतो त्या टायरांविषयी सहसा कोणी चकार शब्द काढत नाही. खुद्द बांधणाऱ्यानेही त्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी केलेला असतो. पंखांच्या पत्र्यात हजारो रिव्हेट मारताना ज्याने एकेक रिव्हेट भिंगाखाली तपासला, तोच सद्‍गृहस्थ खोक्यातून आलेले टायर काढतो, चाकावर चढवतो, हवा मारतो आणि विसरून जातो. ही उपेक्षा मला नेहमीच चमत्कारिक वाटत आली आहे, कारण विमानाचे जे भाग हवेत निरुपयोगी आणि जमिनीवर अपरिहार्य असतात त्यांत टायरांचा क्रमांक पहिला लागतो, आणि प्रत्येक उड्डाणाचा आरंभ व शेवट मात्र जमिनीवरच होत असतो.

विमान घरी बांधता येते, ही गोष्टच आपल्याकडील पुष्कळ वाचकांना नवलाची वाटेल. अमेरिकेत हा छंद चांगला रुजलेला आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉशला भरू लागला. तेथील कायद्याचा मुख्य दंडक असा की, विमानाच्या बांधकामाचा अर्ध्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेला असला पाहिजे. मग सुटे भाग एखाद्या कारखान्याने पुरवले तरी हरकत नाही. ओरेगॉन राज्यातील रिचर्ड व्हॅनग्रुन्स्व्हेन यांनी आरव्ही या मालिकेतील विमानांचे असे सुटे भाग विकावयास आरंभ केला तो १९७० नंतरच्या पहिल्याच काही वर्षांत, आणि आजवर त्या मालिकेतील दहा हजारांहून अधिक विमाने गॅरेजांतून आणि पडव्यांतून बाहेर पडून आकाशात गेली आहेत. आपल्या मुंबईतही अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी डोळे भरून पाहिले आणि २०१७ साली सरकारदरबारी त्याची नोंदणी झाली. ही हकीकत वर्तमानपत्रांतून सर्वांच्या परिचयाची आहे.

कारखान्यात तयार झालेल्या विमानाच्या बाबतीत कोणता टायर लावावयाचा हे कारखानदार आणि सरकार यांनी मिळून आधीच ठरवलेले असते. मालकाला त्यात मन घालण्याची मुभाही नसते आणि जरुरीही नसते. अमेरिकेत विमानाच्या टायरांसाठी टीएसओ-सी६२ या नावाचे एक सरकारी प्रमाण आहे आणि त्या कसोटीस उतरलेला टायरच कारखान्यातील विमानास लावावा लागतो. घरी बांधलेल्या विमानावर ही सक्ती नाही. तेथे बांधणारा हाच कारखानदार, तोच परीक्षक आणि बहुतेक वेळा तोच वैमानिक. त्याने हातगाडीचा टायर लावला तरी कायद्याचा हात त्याला अडवणार नाही. मिळालेल्या या सनदेबरोबर जी जबाबदारी येते तिचा तपशील मात्र कोणी त्याच्या हाती देत नाही, आणि तो तपशील रुक्ष वाटला तरी अत्यंत मनोरंजक आहे असे मला वाटते.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला चाके नव्हतीच. ते लाकडी रुळावरून सुटे आणि घसरपट्ट्यांवर उतरे. चाके आली तेव्हा त्यांच्या वाट्याला एक विलक्षण काम आले. आरव्हीसारख्या लहान विमानाचा टायर बाहेरून जेमतेम चौदा इंच व्यासाचा असतो. विमान ताशी सुमारे शंभर किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकते तेव्हा हे चाक अगदी स्थिर असते, आणि टेकल्यावर एका क्षणात त्याला मिनिटास जवळजवळ दीड हजार फेऱ्यांच्या गतीने फिरावे लागते. मधल्या त्या क्षणात रबर धावपट्टीवर अक्षरशः खरडले जाते, आणि टायर टेकताना निळसर धुराची जी फुंकर दिसते ती त्या खरडलेल्या रबराचीच असते. मोटारीचा टायर तासन्‌तास, हजारो किलोमीटर, मध्यम भाराखाली धावण्यासाठी बनवलेला असतो. विमानाचा टायर उभ्या आयुष्यात फारसा धावत नाही, परंतु धावतो तेव्हा आपल्या आकाराच्या मानाने फार मोठे ओझे घेऊन धावतो. म्हणून त्याच्या बाजू मुद्दाम लवचीक ठेवलेल्या असतात आणि भाराखाली तो मोटारीच्या टायरच्या जवळजवळ दुप्पट दबतो. हे दबणे आणि पुन्हा फुगणे प्रत्येक फेरीत घडते, आणि त्या प्रत्येक फेरीत थोडी थोडी उष्णता टायरच्या पोटात साठत जाते. टायरला खरा धोका उतरतानाच्या धक्क्यापासून फारसा नसून या साठलेल्या उष्णतेपासून अधिक असतो.

गोधडीत जसे जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर घालून दोऱ्याने पक्के केलेले असतात, तसे टायरच्या अंगात नायलॉनच्या धाग्यांचे थर रबराने एकजीव केलेले असतात, आणि त्यांतील धागे एका थरात एका दिशेने तिरपे तर पुढच्या थरात उलट्या दिशेने तिरपे जातात. एके काळी हे धागे कापसाचे होते आणि थर मोजून टायरचे बळ सांगितले जाई. आता नायलॉनचे थोडे थर पुष्कळ कापसाच्या थरांचे काम करतात. तरीही ‘चार प्लाय’, ‘सहा प्लाय’ ही जुनी मोजणी बळाचे माप म्हणून कायम राहिली आहे, आणि सहा प्लायच्या टायरमध्ये प्रत्यक्षात सहा थर असतीलच असे नाही.

आता निवडीकडे वळू. टायरच्या बाजूवर जे आकडे उठवलेले असतात त्यांत त्याची सगळी कुंडली असते. ‘५.००-५’ म्हणजे टायरची रुंदी सुमारे पाच इंच आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास पाच इंच. ‘६.००-६’ हा त्याचा थोरला भाऊ. आपल्याकडील विमानचालन शाळांतून जे सेस्ना १७२ विमान दिसते त्याच्या मागच्या दोन चाकांवर हा थोरला आणि नाकाखालच्या चाकावर तो धाकटा बसवलेला असतो, त्यामुळे ज्यांना हे आकार डोळ्यांनी पाहावयाचे आहेत त्यांना फार लांब जावयास नको. टायरवरील या आकड्यांच्या शेजारी प्लायची संख्या, जास्तीत जास्त भार आणि वेगाची मर्यादा छापलेली असते. लहान विमानांच्या टायरांवर ही मर्यादा बहुधा ताशी १२० मैलांची असते आणि साध्या घरगुती विमानास ती भरपूर होते.

भाराचा हिशेब मात्र प्रत्येकाने कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करावा. उदाहरणादाखल दोन आसनांचे आरव्ही-७ घ्या. पूर्ण भरल्यावर त्याचे वजन सुमारे ८१६ किलो होते. शेपटीखालच्या लहान चाकाने त्यातील शेकडा दहा भाग उचलला असे धरले, तर पुढच्या दोन चाकांवर प्रत्येकी साधारण ३६७ किलो येतात. ५.००-५ आकाराचा चार प्लायचा टायर सुमारे ३६३ किलोंपर्यंत चालतो, सहा प्लायचा सुमारे ५७१ किलोंपर्यंत. म्हणजे चार प्लायचा टायर चार किलोंनी उणा पडतो. कोणी म्हणेल, चार किलोंचा तो काय पाड! परंतु आपटून टेकलेला पाय, वळताना एका बाजूस जाणारा भार, ब्रेक दाबल्यावर पुढे सरकणारे ओझे हे सर्व या हिशेबाच्या वर असते. काटकसर करावयाची तर ती रंगात करावी, टायरच्या प्लायमध्ये करू नये.

ज्या काळी हौशी बांधणारे हाती लागेल ती वस्तू वापरीत त्या काळी गो-कार्टचे, हातगाडीचे आणि बागेतील यंत्रांचे टायर विमानांवर चढले, आणि अगदी हलक्या, संथ, उघड्या चौकटीच्या विमानांवर ते आजही चालतात. त्यांच्यावर टीका करण्याचे मला प्रयोजन नाही. दीड-दोनशे किलोंचे विमान गवतावर उतरत असेल तर हातगाडीचा टायर आपले काम इमानेइतबारे करतो. परंतु त्याच टायरवर ताशी शंभर किलोमीटरचा वेग आणि चौपट ओझे लादणे हा शुद्ध अविचार होय, कारण तो ज्या वेगासाठी बनवलाच नाही त्या वेगाची हमी त्याच्या कर्त्याने कधीच दिलेली नसते. याउलट अलास्कातील वैमानिक नदीकाठच्या गोट्यांवर उतरण्यासाठी ३१ इंचांपर्यंतचे आणि त्याहूनही मोठे, फुग्यासारखे मऊ टायर लावतात आणि त्यांत हवा इतकी थोडी ठेवतात की बोटाने दाबले तरी खळगा पडावा. इतक्या कमी दाबाचा टायर रिमवर सहज सरकतो, म्हणून त्यांतील काहींची वॉल्व्हची नळी रिममधून न काढता टायरच्या बाजूतूनच काढलेली असते. दिसावयास हा प्रकार मोठा रुबाबदार असल्यामुळे डांबरी धावपट्टीखेरीज दुसरे काही न पाहिलेले लोकही त्याच्या मोहात पडतात, आणि मग हवेचा रोध वाढून विमान मंद का झाले याची कैफियत मित्रांपुढे मांडत बसतात. गरजेपुरताच टायर घ्यावा.

टायर कोणत्या कंपनीचा, यावर बांधणारे लोक तासन्‌तास वाद घालतात. ट्यूब कोणती, यावर मात्र क्वचितच बोलतात, आणि माझ्या मते हा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नैसर्गिक रबराच्या स्वस्त ट्यूबमधून हवा आपोआप, नकळत, झिरपत राहते आणि काही आठवड्यांत टायर लक्षात येण्याइतका मऊ होतो. ब्यूटिल या कृत्रिम रबराची ट्यूब हीच हवा महिनेच्या महिने धरून ठेवते. किमतीत फरक असतो, पण विमानाच्या एकूण खर्चापुढे तो मामुली आहे. ज्याला दर शनिवारी हातात पंप घेऊन गुडघ्यांवर बसण्याची हौस नाही त्याने टायर मध्यम प्रतीचा घेतला तरी चालेल, ट्यूब उत्तम प्रतीची घ्यावी.

यानंतरचे काम म्हणजे टायर चढवणे, आणि येथे सायकलीच्या दुकानातील कसब उपयोगी पडत नाही, कारण विमानाचे चाक दोन अर्ध्या भागांचे असते. तीन किंवा अधिक लांब बोल्ट दोन्ही अर्ध्यांतून आरपार जाऊन त्यांना एकत्र आवळतात, आणि अनेक रचनांत ब्रेकची तबकडीही याच बोल्टांनी धरलेली असते. सर्वप्रथम टायरच्या पोटात हात घालून आत एखादा खडा, कागदाची चिकटपट्टी किंवा किमतीचे लेबल राहिले नाही ना, हे चाचपून पाहावे. असे लेबल आतून ट्यूबला घासून भोक पाडू शकते. मग शंखजिऱ्याची पूड ट्यूबवर हलकेच चोळावी, जास्तीची झटकून टाकावी. हेतू इतकाच की ट्यूब टायरला चिकटू नये आणि फुगताना तिला आपली जागा शोधता यावी. पुडीचा ढीग आत राहिला तर तो गोळा होऊन एका ठिकाणी बसतो.

टायरच्या बाजूवर एक तांबडा ठिपका असतो. तो टायरचा सर्वांत हलका भाग दाखवतो. ट्यूबचा जड भाग तिच्यावरील रेघेने दाखवलेला असेल तर ती रेघ, आणि नसेल तर वॉल्व्ह, त्या ठिपक्यासमोर आणावा म्हणजे चाकाचा तोल साधतो. ट्यूबमध्ये आकार येईल इतपतच हवा भरून ती टायरमध्ये बसवावी, वॉल्व्ह एका अर्ध्या चाकाच्या भोकातून बाहेर काढावा आणि दुसरा अर्धा भाग वरून अलगद खाली आणावा. येथे घाई केली की ट्यूबची घडी दोन अर्ध्यांच्या मध्ये सापडते. ती बाहेरून दिसत नाही, हवाही लगेच जात नाही. चार-दोन उड्डाणांनंतर चिमटलेली जागा फाटते. म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी दोन्ही अर्धे हाताने दाबून, चहूबाजूंनी त्यांमधील फट समान आहे का हे उजेडाकडे धरून पाहावे. फट एका जागी रुंद दिसली तर तेथे ट्यूब अडकली आहे असे निश्चित समजावे, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क रेंचने आवळावेत. जोर किती द्यावयाचा तो आकडा चाकाच्या कर्त्याने दिलेला असतो आणि अंदाजाने तो साधत नाही.

हवा भरल्यावर ती एकदा पूर्ण सोडून द्यावी आणि पुन्हा भरावी. हा निरर्थक उपद्‍व्याप वाटेल, पण पहिल्या भरण्यात ट्यूबला पडलेल्या सुरकुत्या या दुसऱ्या भरण्याने निघतात आणि टायर व ट्यूब यांच्यामध्ये कोंडलेली हवा बाहेर पडते. त्यानंतर चाक रात्रभर बाजूला ठेवावे. नवा नायलॉन पहिल्या बारा-चोवीस तासांत ताणला जातो, टायर किंचित मोठा होतो आणि दाब काही पौंडांनी उतरतो. हे पाहून ट्यूब गळकी निघाली अशी समजूत करून घेऊ नये, हवा पुन्हा भरावी. टायर असा वाढतो म्हणूनच चाकावरचे आवरण किंवा चाक आत घेण्याची जागा यांत बोटभर मोकळीक ठेवावी लागते. आवरण अगदी लगटून बसवलेले असले तर विमान दिसते देखणे, आणि पहिल्याच चिखलात चाक जाम होते.

उलट कृती करताना, म्हणजे चाक उघडताना, एक गोष्ट कधीही विसरू नये: आधी वॉल्व्हमधली पिन काढून टायरमधली सर्व हवा सोडावी आणि मगच बोल्टांना हात लावावा. भरलेल्या टायरचे बोल्ट सैल केले तर दाबाखालील दोन अर्धे गोळीसारखे उडतात आणि समोर असणाऱ्याचा बचाव होत नाही. तसेच रिमला चिकटलेली टायरची कड स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटू नये. मऊ धातूच्या चाकावर पडलेला एवढासा ओरखडाही पुढे तड्याचे मूळ ठरतो.

आता हवेविषयी, आणि या लेखातील जे एकच सांगणे वाचकाने ध्यानी ठेवावे अशी माझी इच्छा आहे ते याच विषयी आहे. टायर भार पेलतो असे आपण म्हणतो, परंतु वस्तुतः भार पेलते ती आतली हवा. रबर आणि नायलॉन तिला केवळ कोंडून ठेवतात. हवा कमी पडली की टायर अधिक दबतो, अधिक दबला की अधिक तापतो, कडा झिजतात, आणि विमान टेकताना ब्रेकच्या ओढीने टायर रिमवर सरकतो. त्याबरोबर ट्यूबही सरकते आणि रिमच्या भोकात अडकलेला वॉल्व्ह मुळापासून कापला जातो. यावर फार जुना आणि फार सोपा उपाय आहे: टायर आणि रिम या दोहोंवरून मिळून तांबड्या रंगाची बोटभर रुंद रेघ ओढावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की टायर सरकला हे उड्डाणापूर्वीच कळते.

हवेच्या हयगयीची किंमत किती मोठी असू शकते, याचा दाखला मोठ्या विमानांच्या इतिहासात आहे. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून नायजेरियातील यात्रेकरूंना घेऊन निघालेल्या नेशनएअरच्या डीसी-८ विमानाच्या एका टायरमध्ये हवा कमी होती. त्याचा भार शेजारच्या टायरवर गेला, धावपट्टीवरच टायर फुटले, घर्षणाने पेट घेतला आणि पेटती चाके पोटात घेऊन विमान वर गेले. २६१ माणसांपैकी एकही वाचला नाही. घरगुती विमानाच्या बाबतीत प्रसंग इतका भयंकर सहसा येत नाही. फुटलेला टायर विमानाला धावपट्टीबाहेर ओढून नेतो, पंखाचे टोक घासते, पंखा वाकतो आणि पाच-सात वर्षांची मेहनत पुन्हा गॅरेजात परत जाते. पण कारण तेच, आणि ते टाळण्याचा उपायही तोच.

हवा किती ठेवावी? टायरवर जो दाब सांगितलेला असतो तो त्याच्या कमाल भारासाठी असतो. वर सांगितलेल्या सहा प्लायच्या टायरला ५७१ किलोंसाठी सुमारे ४९ पौंड हवा लागते. आपल्याकडे भार ३६७ किलो असेल तर त्याच प्रमाणात सुमारे ३२ पौंड होतात. विमानाच्या आराखड्याच्या कर्त्याने आकडा दिला असेल तर तोच पाळावा हे उघडच आहे. हवा टायर थंड असताना, दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी मोजावी. तापमान दर तीन अंशांनी उतरले की दाब शेकडा एकाने उतरतो, असा ढोबळ नियम आहे. विस्कॉन्सिनसारख्या प्रदेशात ऑगस्ट ते डिसेंबर या मुदतीत पारा तीस अंश सहज खाली येतो आणि ३२ पौंडांतील तीनहून अधिक पौंड ट्यूबला एकही भोक न पडता नाहीसे होतात.

हवा न मोजण्याचे खरे कारण आळस नसून आवरण असते. वेगवान विमानांच्या चाकांवर अश्रूबिंदूच्या आकाराची आवरणे बसवलेली असतात आणि हवा पाहण्यासाठी ती उतरवावयाची म्हणजे अर्धा डझन स्क्रू काढावे लागतात. म्हणून अनुभवी बांधणारे आवरणाच्या बाजूस रुपयाएवढे भोक पाडतात, त्याला बूच बसवतात आणि टायरवर रंगाची एक खूण अशा ठिकाणी करतात की ती खूण बरोबर खाली, जमिनीजवळ आली म्हणजे वॉल्व्ह नेमका भोकासमोर यावा. विमान हाताने वीतभर पुढे ढकलले, खूण जुळली, बूच काढले, गेज लावला. काम एका मिनिटात होते. ज्या विमानाला असे भोक नाही त्याच्या टायरांत योग्य हवा असेल असे मी शपथेवर सांगणार नाही.

दाबाचा आणखी एक संबंध पावसाशी आहे. ओल्या धावपट्टीवर ठराविक वेगापलीकडे टायर पाण्याचा थर कापू शकत नाही आणि त्यावर तरंगू लागतो. मग ब्रेकही चालत नाही आणि दिशाही राहत नाही. हा वेग टायरमधील दाबावर अवलंबून असतो: पौंडांतील दाबाचे वर्गमूळ काढून त्याला नऊने गुणले की तो वेग नॉटमध्ये मिळतो. ३२ पौंडांस हा आकडा सुमारे ५१ नॉट, म्हणजे ताशी ९४ किलोमीटर येतो, आणि आपले विमान ताशी शंभरच्या आसपास टेकते हे वर आलेच आहे. दाब २५ पौंडांवर गेला तर तो ४५ नॉटवर, म्हणजे ताशी ८३ किलोमीटरवर येतो. तरंगण्याचा टप्पा तेवढाच लांबतो.

झीज ही विमानाच्या पायांची भाषा आहे आणि ती वाचता आली पाहिजे. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर चाक तिरपे उभे आहे. आरव्हीसारख्या विमानांचे पाय पोलादी दांड्यांचे असतात आणि ओझ्याखाली ते फाकतात. वैमानिक एकटा असला की विमान हलके, पाय कमी फाकलेले, चाकांची वरची बाजू बाहेर झुकलेली, आणि म्हणून बाहेरची कड झिजते. चाक आणि पाय यांच्यामध्ये पातळ पाचर घालून हा कोन दुरुस्त करता येतो, पण बहुतेक जण अर्धा टायर झिजल्यावर तो काढून उलटा चढवतात म्हणजे उरलेली कड झिजू लागते, आणि एका टायरचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते. ज्यांचे पुढचे चाक मोकळे फिरते त्यांना जमिनीवर वळण घेण्यासाठी एका बाजूचा ब्रेक सतत दाबावा लागतो; त्यांनी गती आवरून हळू चालावे, कारण लांबलचक टॅक्सीवेवरून भरधाव धावणे हे टायरला कित्येक उतरण्यांपेक्षा अधिक तापवते. ब्रेक लावून चाक घट्ट धरून ठेवले की त्याच जागी रबर घासून सपाट चट्टा पडतो. अशा चट्ट्यात नायलॉनचे धागे दिसू लागले तर तो टायर त्याच दिवशी उतरवावा. हिवाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या विमानाच्या टायरला खालून जो सपाटपणा येतो तो मात्र निराळा. थोडे चालल्यावर तो आपोआप जातो आणि त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

रबराचे शत्रू तेल, ग्रीस, ब्रेकमधील तांबडे तेल, ऊन आणि ओझोन हे आहेत. एंजिनातून टिपकणारे तेल टायरवर पडले तर साबणाच्या पाण्याने लगेच धुवावे. पेट्रोलने पुसण्याचा जो सोपा मार्ग आहे तो रबरास अपायकारक आहे. उघड्यावर उभ्या विमानाच्या चाकांवर जाड कापडाची झाकणे घालावीत. शिलकी टायर थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी उभे ठेवावेत, आणि जेथे वेल्डिंग चालते किंवा विजेच्या मोटारी सतत फिरतात त्या खोलीत ठेवू नयेत, कारण ओझोनची उत्पत्ती तेथेच होते. बाजूंवर पडणाऱ्या बारीक भेगा वरवरच्या असतील तर त्यांनी घाबरून जाऊ नये. भेगेच्या तळाशी धागा दिसला तर मात्र विचार करीत बसू नये. नक्षीची कोणतीही एक खाच तळापर्यंत झिजली की टायरची मुदत संपली असे समजावे, बाकीच्या खाचा कितीही खोल असोत.

नवा टायर चढवताना जुनी ट्यूब वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो, विशेषतः ती बाहेरून धडधाकट दिसत असेल तेव्हा. परंतु वापरलेली ट्यूब कायमची ताणली गेलेली असते, नव्या टायरमध्ये ती मावत नाही, तिला घडी पडते आणि घडीच्या जागी ती चिरते. टायर बदलाल तेव्हा ट्यूबही नवी घाला, चढवल्याची तारीख विमानाच्या नोंदवहीत लिहून ठेवा, आणि गेज उसना आणू नका, स्वतःचा चांगला विकत घ्या.